धुळ्याच्या गाडीतला पाहुणा

खानदेशात जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या चिपळुणात लोक आधी विचारतात, "का हो मास्तर, बदली झाली की काय?" तिकडे हौसेनं कोणी जात नाही असा आमच्याकडचा पक्का समज आहे. तसा मीही हौसेनं गेलो नव्हतो. थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. पण येताना जे घेऊन आलो ते फुकट जाऊ नये, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मुलगी म्हणजे आमची कुसुम. मॅट्रिक झालेली, गावातल्याच शाळेत शिकवते. दोन चांगली स्थळं तिनं नाकारली होती आणि कारण विचारलं की नुसती हसायची. हे तिसरं स्थळ माझ्या चुलतभावानं, दत्तूनं सुचवलेलं. दत्तू धुळ्याला शिक्षक आहे. मुलगा वसंत, धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून, घर चाळीसगावात स्टेशनच्या जवळ. रोज सकाळच्या गाडीनं धुळ्याला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. मुलगी दाखवायच्या आधी मुलाचं घरदार आपण बघून यावं असं मी ठरवलं.

निघताना कुसुमला म्हटलं, "काय काय बघून येऊ, सांग."

ती म्हणाली, "घर, पगार, उंची हे तुम्ही बघालच. मी बोलायला लागले तर तो माणूस ऐकून घेईल का, तेवढं माझ्यासाठी बघा. बोलणारं माणूस या घरात एक आहे, ते मला जन्माला पुरलं."

ते बोलणारं माणूस म्हणजे मी. तिची आई माजघरात तांदूळ निवडत होती, तिचे खांदे हसण्यानं हलताना मला दिसले. मी जरा चिडूनच विचारलं, "ऐकून घेतो की नाही, हे एका भेटीत कसं बघायचं असतं?"

"तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात तर दिसेल," कुसुम म्हणाली.

शनिवार. चाळीसगाव

मुंबईहून येणारी गाडी चाळीसगावला पोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं. खानदेश म्हणजे ऊन, एवढं ऐकून मी अंगावर एक पातळ उपरणं घेऊन आलो होतो. मार्गशीर्षातली तिथली थंडी काय असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दात वाजत होते. फलाटावरच्या चहावाल्याकडे मी लागोपाठ दोन कप चहा प्यायलो. त्यानं गुळाचा चहा इतका कढत दिला की कप धरून हातच आधी शेकून घेतले.

स्टेशन मला आवडलं. मुंबईच्या मोठ्या लाइनीवरून धुळ्याचा फाटा इथेच फुटतो, त्यामुळे जाणारे, येणारे आणि नुसतेच वाट बघणारे असे तिन्ही प्रकार इथे सापडतात. एका बाजूला कापसाच्या गाठी रचलेल्या, दुसऱ्या बाजूला वांग्याच्या पाट्या आणि दुधाचे हंडे. बाहेर टांग्यांचा अड्डा, दोन खाणावळी, आणि भांड्यांना कल्हई करणाऱ्यांची एक आळी. आमच्याकडे स्टेशनच नाही. गावाला जायचं तर एसटी नाही तर बोट, आणि दोन्हींत माणूस आपल्या पोटाच्या काळजीत असतो, शेजाऱ्याशी बोलत नाही. इथे मात्र फलाटावरचा प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत होता.

धुळ्याच्या गाडीत चढलो तर तेच. डबा कसला, बैठकीची खोली. ज्याची त्याची जागा ठरलेली. मी खिडकीपाशी बसलो तर पटका बांधलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "भाऊ, जरा तथा सरका. आज पाव्हना शे."

मी तिकडे सरकलो. कोण पाहुणा ते बघावं म्हणून थांबलो. तेवढ्यात माझ्याच गाडीतून उतरलेला एक जाडजूड माणूस, अंगात गरम कोट, डोक्याला फेटा, धापा टाकत डब्यात शिरला. त्याला बघताच सगळा डबा उठून उभा राहिला. म्हाताऱ्यांनी त्याचा हात धरून खिडकीशी बसवलं. या म्हाताऱ्यांना सगळे आबा म्हणत. ते धुळ्याच्या गिरणीत कामाला होते. कुणी पाहुण्याच्या पाठीशी घोंगडी ठेवली, कुणी त्याची ट्रंक वर चढवली. दूधवाल्या अक्कांनी त्याच्यापुढे केळी मांडली. मग आबांनी कापडात बांधलेला डबा सोडला. आत पहाटे शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत होतं, वर कच्चं तेल आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा.

"खावा ना भाऊ, लाजू नका," आबा म्हणाले.

तो काही लाजला नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर त्यानं भरीत जे खायला घेतलं ते बघून मला भूक लागली. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता चतकोर भाकरी आणि भरताचा गोळा माझ्याही हातावर ठेवला. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. नारळाशिवाय भाजी होते हेच मुळी मला मान्य नव्हतं. पण दुसरा घास घेतला आणि तिसऱ्याची वाट बघायला लागलो.

एवढ्यात पलीकडच्या बाकावरचा एक उंच, सावळा मुलगा पुढे झाला आणि त्यानं पाहुण्याला वाकून नमस्कार केला. आबा म्हणाले, "हाऊ आमना वसंता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दत्तूनं मुलाच्या घरी कळवलं होतं की कोकणातले मास्तर शनिवारी मुंबईच्या गाडीनं येणार, धुळ्याला मुक्काम करणार आणि रविवारी चाळीसगावला घर बघायला येणार. ते या डब्याला कळलं होतं. मुलीचा बाप आपल्याच गाडीनं जाणार, तर त्याची बडदास्त आपण ठेवायची असं यांनी ठरवलं होतं. आणि मुलीचा बाप म्हणजे कोट-फेटेवाला, चांगला भरलेला माणूस असणार. माझ्यासारखा बगलेत छत्री मारलेला काटकुळा माणूस कशाला असेल?

बरं, चूक उघडकीला तरी यावी. पण उद्याची बोलणी आज काढायची नाहीत अशी तिकडची रीत. त्यामुळे लग्नाचा शब्द कुणी तोंडातून काढीना. आबांनी फक्त विचारलं, "तुमनाकडे पानी कसं शे?"

तो म्हणाला, "पाण्याची काळजीच सोडा. पाताळातलं पाणी वर आणून दाखवतो."

आबांनी मान डोलावली. कोकणातली माणसं जरा फुशारकी मारतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मला राग आला, पण मी तोंड उघडलं नाही. मुलीच्या बापाला असं कोपऱ्यात बसून ऐकायला कधी मिळतं? आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून गप्प बसलो.

गाडी सुटली तशी वसंतानं पिशवीतून वर्तमानपत्र काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. हा त्यांचा रोजचा नेम. गिरणीवाल्यांना वाचता येत नाही म्हणून, आणि ज्यांना येतं त्यांना ऐकायला आवडतं म्हणून. द्वैभाषिक राज्याच्या बातम्या होत्या, कापसाचे भाव होते, कुठल्याशा नाटकाची जाहिरात होती. काय सुरेख वाचत होता. आवाज खणखणीत, प्रत्येक शब्द सुटा, कुठे घाई नाही. मी शाळेत जन्म घालवला, पण असं वाचणारा मुलगा माझ्या वर्गात झाला नाही. गिरणा नदीचा पूल आला तेव्हा त्यानं वाचन थांबवलं, सगळ्यांनी नदीला हात जोडले आणि मग तो पुढे वाचू लागला. मी मनातल्या मनात मुहूर्तसुद्धा धरून टाकला.

वर्तमानपत्र संपलं. पाहुण्यानं ढेकर दिला आणि सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या खात्यात?"

वसंतानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. मान ताठ झाली, ओठ हलले, "बां... बां..." एवढंच येत राहिलं. पाहुणा म्हणाला, "बांगड्या? बांबू? बांधकाम, बांधकाम खातं म्हणायचंय का?"

आबांनी पाहुण्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "भाऊ, मधमा बोलानं नही. तो सांगस. त्याले सांगू द्या."

सगळा डबा शांत बसून राहिला. कुणी वसंताकडे टक लावून बघत नव्हतं, कुणी नजरही चोरत नव्हतं. अक्का दुधाच्या हंड्याचं फडकं नीट करत होत्या. त्याचं वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला. पुरं झाल्यावर, जणू काही झालंच नाही, अशी सगळी पुन्हा बोलायला लागली. पण पाहुणा तोवर खिडकीबाहेर बघत होता, आणि वसंत खाली.

दत्तूनं मला हे सांगितलं नव्हतं.

धुळ्याला गाडी थांबली. पाहुण्यानं ट्रंक खाली घेतली, सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाला, "लई चांगली माणसं बुवा तुम्ही. आता एवढं सांगा, तुमच्यापैकी विहिरीवर बसवायचं तेलाचं इंजिन घेणारे कोण? मी कंपनीचा एजंट आहे."

आबांचा चेहरा मी विसरणार नाही. मी छत्री सावरून हळूच उतरलो. दारात कल्हईचा भाता खांद्यावर घेऊन एक गृहस्थ उभे होते, सगळे त्यांना करीमभाई म्हणत, ते माझ्याकडे आणि माझ्या छत्रीकडे बराच वेळ बघत होते.

धुळे

धुळ्याचे रस्ते एवढे सरळ आहेत की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाची बैलगाडी दिसते. आमच्याकडे वाट म्हणजे वळण आणि चढ. सरळ वाटेनं चालताना मला उगाच कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटत राहिलं. दत्तूच्या घरी पोचलो ते तापूनच.

"मुलाला बोलता येत नाही हे तू मला लिहिलं का नाहीस?"

दत्तू शांतपणे म्हणाला, "बोलता येतं. वेळ लागतो. वाचताना लागत नाही, अनोळखी माणसासमोर जास्त लागतो. आधीच्या तीन ठिकाणांहून नकार आला तो त्यापायीच."

"पण लिहायचं तरी."

"लिहिलं असतं तर आला असतास का?"

आलो नसतो. संध्याकाळी आम्ही पांझरेच्या काठानं फिरायला गेलो. नदीत पाणी कमी आणि गप्पा मारणारी माणसं जास्त. दत्तूच्या बायकोनं फुणके आणि कढी केली होती. तुरीच्या डाळीचे ते वाफवलेले मुटके मी तीनदा मागून घेतले, पण माझं लक्ष जेवणात नव्हतं. कुसुमला काय सांगू? ऐकून घेणारा हवा म्हणाली होती, हे खरं. म्हणून काय ज्याला बोलायलाच जमत नाही असा द्यायचा? आणि बोलला नाही म्हणून तो ऐकतो असं थोडंच आहे? आमच्या शाळेतली कितीतरी मुलं बोलत नाहीत, आणि ऐकतही नाहीत.

रविवार. स्टेशनजवळचं घर

दत्तूला बरोबर घेऊन चाळीसगावला परत आलो. वसंताचं घर स्टेशनच्या मागच्या आळीत. गाडी गेली की फडताळातली भांडी किणकिणतात. वडील नाहीत, आई आणि एक धाकटी बहीण. वसंतानं मला दारात पाहिलं, छत्री पाहिली, आणि काल कोपऱ्यात कोण बसलं होतं ते त्याच्या ध्यानात आलं. कानापर्यंत लाल झाला.

त्याच्या आईंनी माझ्यासाठी मांडे केले होते. ते करताना मला मुद्दाम बघायला बसवलं, कारण आमच्याकडे ते नसतात असं त्यांना कळलं होतं. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत त्या कोपरापर्यंत मोठा करत आणि उलट्या घातलेल्या खापरावर अलगद टाकत. तो मांडा फाटेल म्हणून माझाच जीव वरखाली होत होता. दुधातुपाबरोबर खाल्ला, आणि आमच्या मोदकाची मनातल्या मनात माफी मागितली.

जेवण झालं. आता मुलाशी बोलायचं. आई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या, हाताची बोटं पदराच्या टोकात गुंतलेली. मी विचारलं, "नोकरी आवडते?" वसंतानं श्वास घेतला. मला ती शांतता सहन होईना. मीच म्हटलं, "आवडत असणारच, सरकारी आहे." मग विचारलं, "रोजचा प्रवास जड जात असेल?" पुन्हा शांतता, पुन्हा मीच उत्तर दिलं. मग मला जी सवय आहे तेच झालं. मी बोलत सुटलो. चिपळूण, वाशिष्ठीचा पूर, कुसुमची शाळा, कुसुमला गणित आवडतं, कुसुमला पोहता येतं, कुसुमला पावसात खिडकी लावलेली चालत नाही. दत्तू मला कोपरानं ढोसत होता. वसंत समोर बसून होता, हात मांडीवर, डोळे माझ्यावर.

शेवटी मी म्हटलं, "कळवतो."

लग्नाच्या बाबतीत 'कळवतो' चा अर्थ सगळ्या महाराष्ट्रात एकच होतो. आईंनी मान हलवली आणि माझ्या पिशवीत केळी भरायला लागल्या. त्यांनी केळी एवढी भरली की पिशवीचे बंद तुटले, मग बंद शिवायला त्या सुई शोधू लागल्या. मला फार वाईट वाटलं, पण मी शब्द बदलला नाही.

सोमवार. पुन्हा चाळीसगाव

दत्तू संध्याकाळी धुळ्याला परत गेला, पण माझी मुंबईची गाडी सकाळची, म्हणून रात्री मुक्काम त्यांच्याच घरी झाला. सकाळी स्टेशनवर आलो, बरोबर वसंत. त्याची धुळ्याची गाडी पलीकडे उभी होती, माझ्या गाडीला अजून अवकाश होता.

डब्यातली माणसं फलाटावर उतरून आली. आबांनी हात जोडले. "मास्तर, माफ करा. आम्ही चुकनूत. तुमनं भरीत त्यानी खाई टाकं."

मी म्हटलं, "मला मिळालं होतं. अक्कांनी दिलं."

करीमभाई हसले. "मी शनिवारीच ओळखलं होतं, मास्तर. मार्गशीर्षात, आमच्या अघनात, छत्री घेऊन खानदेशात कोकणी माणूसच फिरणार. बोललो नाही. म्हटलं, बघू दे त्यांना, पोरगं जसं आहे तसं."

आबांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. मला मात्र हे ऐकून लाजल्यासारखं झालं. वसंताची शिफारस मग कुणी केली नाही, 'काय ठरवलं' असंही कुणी विचारलं नाही. आबांनी चहा मागवला, आम्ही उभ्यानं प्यायलो. धुळ्याच्या गाडीनं शिटी दिली. सगळे डब्यात चढले. वसंतानं मला नमस्कार केला, चार पावलं गेला, आणि परत आला.

त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"का... का..." मान ताठ झाली. गार्डानं हिरवं निशाण वर केलं. मी म्हणणार होतो, अरे, जा, गाडी चुकेल, पत्र लिही. शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात खिडकीतून आबा गार्डाला म्हणाले, "साहेब, थांबा जरासा. पोऱ्या बोली ऱ्हायना."

गार्डानं वसंताकडे पाहिलं आणि निशाण गुंडाळून काखेत धरलं.

आणि मी, आयुष्यभर मुलांची अर्धी वाक्यं स्वतः पुरी करत आलेला शाळामास्तर, तोंड मिटून उभा राहिलो. सोपं नव्हतं ते. जिभेला अक्षरशः धरून ठेवावं लागलं. डब्याच्या खिडक्यांतून माणसं बघत होती, इंजिन वाफ सोडत होतं, कुणाला घाई नव्हती. वसंतानं डोळे मिटले, उघडले, आणि एक एक शब्द बाहेर आला.

"काल... तुम्ही... त्यांच्याविषयी... खूप सांगितलंत. पण... त्या स्वतः... काय... म्हणाल्या?"

कालपासून इतका बोललो होतो, शाळा सांगितली, पोहणं सांगितलं, खिडकी सांगितली. मी निघताना कुसुम काय म्हणाली ते मात्र सांगितलं नव्हतं. माझ्या एवढ्या बडबडीतून नेमकं तेवढंच राहिलं आहे हे या मुलानं टिपलं होतं.

मी सांगितलं. तिचे शब्द होते तसेच सांगितले, माझ्याविषयीचे सुद्धा. आबा खिडकीत हसले. वसंत हसला नाही. त्यानं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पळत जाऊन गाडीत चढला. गार्डानं निशाण दाखवलं.

घरी

चिपळूणला पोचलो तेव्हा कुसुम पडवीत मुलांच्या वह्या तपासत होती. केळी बघून तिची आई म्हणाली, "एवढी कोण खाणार?" मी हातपाय न धुता खांबाला टेकून बसलो आणि कुसुमला सगळं सांगितलं. इंजिनवाला पाहुणा, वर्तमानपत्र, मांडे, मुलाचं अडखळणं, काहीच लपवलं नाही. फलाटावरची गोष्टसुद्धा सांगितली.

कुसुमनं पेन्सिल खाली ठेवली. "तो बोलत होता तेवढा वेळ तुम्ही मध्ये काही बोलला नाहीत?"

"नाही."

"एक शब्दही?"

"एकही नाही. गाडीसुद्धा थांबली होती."

मग तिनं वह्या गोळा केल्या.

"कळवा त्यांना, यायला सांगा," ती म्हणाली. "आणि बाबा, ते आले की तेव्हाही असेच बसा."